चॉपिंग बोर्ड आणि लाकडी डाव जोडायला कोणता डिंक चालेल?

उद्योगी

टेबलाचं काम झाल्यावर बीच आणि सागाच्या बऱ्याच पट्ट्या उरल्या आहेत. दोन-अडीच इंच रुंद, हातभर लांब. टाकवत नाहीत. कडेला कड चिकटवून त्यांची चिरायची फळी करावी असा बेत आहे. रंधा, क्लॅम्प, पॉलिश पेपर सगळं आहे, गाडी अडलीय ती डिंकापाशी.

घरात तीन प्रकार आहेत. फर्निचरला वापरतो तो पांढरा डिंक, दोन नळ्यांचं पाच मिनिटांत घट्ट होणारं इपॉक्सी, आणि पॉलियुरेथेनची एक बाटली, ती फेसाळते. पांढऱ्याच्या डब्यावर ‘बिनविषारी’ असं छापलंय, पण अन्नाबद्दल अवाक्षर नाही. इपॉक्सीच्या वेष्टनावर कातडीला लावू नका, वाफ हुंगू नका, असल्या सूचना. त्या वाचल्यावर त्यावर काही चिरून खायची इच्छाच मेली.

शोधायला गेलो तर एक जण म्हणतो सुकल्यावर सगळे डिंक निर्धोक, दुसरा म्हणतो ‘फूड-सेफ’ छापलेला नसेल तर हात लावू नका, तिसरा म्हणतो डिंकच नको, एका अखंड फळकुटाची करा.

रांगेत आणखी दोन वस्तू आहेत. एका लाकडी डावाचा दांडा मधेच मोडलाय. आणि एका वाडग्याला काठापासून खाली तडा गेलाय. त्यांनाही हाच डिंक चालवून घेऊ का?

थोडक्यात, सुकलेल्या डिंकातून पोटात काय जातं, आणि कोणता आणू?

सुतारपक्षी

एवढा विचार करू नका हो. पांढरा डिंक लावा, रात्रभर क्लॅम्पमध्ये ठेवा, सकाळी घासा, तेल लावा. आमच्या घरची फळी अशीच केलेली आहे, वर्षानुवर्षं वापरात आहे आणि घरातले सगळे ठणठणीत आहेत. ‘फूड-सेफ’ छापलं की त्याच मालाचे जास्त पैसे घेता येतात, बाकी काही नाही.

रंधावाली

सुतारपक्षी, तुमच्या घरी फळी कशी धुतात ते सांगितलं नाहीत. ओल्या फडक्याने पुसून उभी ठेवत असाल तर पांढरा डिंक टिकणारच. उद्योगींच्या घरात कुणी ती भांड्यांबरोबर पाण्यात बुडवून ठेवली तर काय, ते बघायला हवं.

उद्योगी, मी फळ्या करून विकते, त्यामुळे ‘डिंक खाण्यात जाणार नाही ना’ हे जवळपास प्रत्येक गिऱ्हाईक विचारतं. सांध्यात डिंक असतो किती? कडा नीट रंधलेल्या असतील आणि दाब सगळीकडे सारखा बसला असेल तर कागदाएवढा थर. वरून दिसते ती त्याची कड, म्हणजे एक रेघ. खाण्याशी संबंध येतो तो त्या रेघेपुरता. मला काळजी असते ती सांधा उघडण्याची. केसाएवढी फट पडली की तिच्यात पाणी आणि चिरलेल्याचा रस शिरतो, तिथे घासणी पोचत नाही, आत वाळत नाही, आणि थोड्याच दिवसांत फटीची कड काळी पडते. आजारी पडायचंच असेल तर माणूस त्या काळ्या रेघेमुळे पडेल. म्हणून मी डब्यावर आधी पाण्याबद्दल काय लिहिलंय ते वाचते, अन्नाबद्दलचं नंतर.

पाण्याबद्दल दोन मापं दिसतात. अमेरिकी डिंकांवर ‘टाइप १’ किंवा ‘टाइप २’ असतं. टाइप २ च्या चाचणीत चिकटवलेले तुकडे चार तास पाण्यात भिजवतात, मग ओव्हनमध्ये सुकवतात, आणि हे चक्र तीनदा करून सांधा सुटतोय का ते बघतात. टाइप १ ला चक्क उकळतात: चार तास उकळत्या पाण्यात, मग सुमारे ६३ अंशांवर वीस तास भट्टीत, पुन्हा चार तास उकळत्या पाण्यात, आणि ओले असतानाच ओढून तोडतात. युरोपी मापात डी १ ते डी ४ अशा पायऱ्या आहेत, मानकाचं नाव ईएन २०४. डी १ कोरड्या खोलीतल्या फर्निचरसाठी. फळीला डी ३ च्या खाली जाऊ नका. डी ४ मिळाला तर उत्तमच, त्याच्या चाचणीतही सहा तासांची उकळी असते.

मी टाइटबाँड ३ वापरते, हा एका अमेरिकी कंपनीचा लाकडाचा डिंक. भक्ती वगैरे नाही, पण त्याच्यावर दोन्ही गोष्टी लेखी आहेत: पाण्याला टाइप १, आणि अन्नाशी अप्रत्यक्ष संपर्काला एफडीएच्या, म्हणजे अमेरिकी अन्न-औषध प्रशासनाच्या, नियमात बसणारा. टाइटबाँड २ अन्नाच्या बाबतीत तेच सांगतो, पाण्यात एक पायरी खाली, म्हणजे टाइप २. माणसं नीट वापरणारी असतील तर तोही पुरतो. आणि दोन्हींवर कंपनी स्वतःच लिहिते की कायम पाण्याखाली राहणाऱ्या सांध्याला वापरू नका. याच दर्जाचा दुसरा कुठलाही डिंक मिळाला तरी खुशाल घ्या, नावापेक्षा डब्यावरचं माप बघा.

३ चा मला आवडणारा खरा गुण वेगळाच आहे. तो उशिरा धरतो. उघड्यावर आठ-दहा मिनिटं मिळतात, त्यामुळे सात-आठ पट्ट्या लावून क्लॅम्प आवळेपर्यंत धांदल होत नाही. २ मध्ये साधारण पाचच मिनिटं. थंडीत काम करत असाल तर आणखी एक: ३ ला किमान ८ अंश लागतात, २ ला १३. त्याखाली डिंकाचा सलग पापुद्रा धरत नाही, सांध्यात खडूसारखी पांढरी भुकटी होते. हवाच नाही, लाकूडही तेवढं उबदार हवं, हे लोक विसरतात.

तुमच्या तीन बाटल्यांबद्दल. पांढऱ्यावर पाण्याचं काहीच लिहिलेलं नसेल तर तो खोलीतल्या फर्निचरचा समजा, फळीला नको. पॉलियुरेथेन पाण्याला चांगलं, पण ते हवेतल्या आणि लाकडातल्या ओलीने फुगतं आणि फटीत फेस भरतं. फट भरलेली दिसते म्हणून लोक खूश होतात, पण त्या फेसाला ताकद नसते, आणि वर उघडा पडला तर ती बारीक छिद्रं असतात. शिवाय हाताला लागलं की दिवसेंदिवस जात नाही. इपॉक्सीबद्दल मी बोलत नाही, इथे त्यातले जाणकार आहेत.

आता डिंकाहून महत्त्वाचं. कडा रंधा आणि त्याच दिवशी चिकटवा. जुनी, हात लागलेली, धूळ बसलेली कड डिंक नीट पीत नाही. सगळ्या पट्ट्यांचे रेषे एकाच दिशेने, लांबीच्या बाजूने हवेत. शोभा म्हणून टोकांना आडव्या पट्ट्या चिकटवायचा मोह होतो, तो आवरा. लाकूड रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाहीच, त्यामुळे आडवी पट्टी फळीला फुगू देत नाही आणि पुढच्या ओल्या दिवसांत काहीतरी फाटतं. मग लोक डिंकाला शिव्या देतात.

आणि चिकटवल्यावर लगेच रंधायला घेऊ नका. डिंकातल्या पाण्याने सांध्याजवळचं लाकूड थोडं फुगलेलं असतं. तसंच सपाट केलंत की नंतर ते बसतं आणि प्रत्येक सांध्यावर एक खोलगट रेघ उमटते. क्लॅम्प अर्ध्या-एक तासाने काढता येतात, पण ताण द्यायला चोवीस तास थांबा, आणि रंधायला त्याहून जास्त थांबलात तर उत्तम.

डाव मात्र वेगळा. दांडा कसा मोडलाय? आडवा, टकदिशी, की लांब तिरका?

बीकर

मी चिकटपदार्थांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत काम करतो, म्हणून नियमाकडून सांगतो.

‘एफडीए-मान्य डिंक’ असं सरसकट बोललं जातं, पण ते एखाद्या बाटलीला दिलेलं प्रमाणपत्र नसतं. अमेरिकी नियमावलीत १७५.१०५ नावाचं कलम आहे, डिंकांचं. त्यात कोणकोणते घटक वापरता येतील त्याची भलीमोठी यादी आहे आणि वापराच्या अटी आहेत. एक तर डिंक आणि अन्न यांच्यामध्ये आडपडदा हवा. नसेल, तर तेलकट किंवा पाणीदार अन्नाला सांध्यापाशी आणि कडेला उघडा पडणारा लेशमात्र अंशच लागावा. हे लिहिलंय वेष्टनं डोळ्यांसमोर ठेवून, पण घट्ट बसलेल्या फळीच्या सांध्याला ते चपखल लागू होतं. रंधावाली म्हणतात ती रेघ म्हणजे हाच लेशमात्र अंश.

याची दुसरी बाजू कुणी सांगत नाही. तोच डिंक वाडग्याच्या आतून लेप म्हणून फासलात, किंवा भुशात कालवून बोटभर रुंद भोक बुजवलंत, तर ‘अप्रत्यक्ष संपर्क’ हा शब्द तिथे संपला. अन्नाला सगळा पृष्ठभाग लागतो अशा लेपांसाठी वेगळं कलम आहे, १७५.३००, आणि त्यात लेपातून किती पदार्थ बाहेर उतरतो याची मर्यादा घातलेली आहे. डिंकाच्या बाटलीवरचं वाक्य तिथवर पोचत नाही.

‘बिनविषारी’ हेही अन्नासाठीचं आश्वासन नाही. त्याचा अर्थ एवढाच की हाताळताना किंवा मुलाने चाटलं तर घाबरायचं कारण नाही. उकळत्या पाण्यात, तेलात वर्षभर राहिल्यावर काय होईल, याबद्दल तो शब्द मुका आहे.

इपॉक्सी. दोन्ही नळ्या ठरलेल्या प्रमाणात आणि भांड्याच्या कडा खरवडून नीट मिसळल्या, तर दोन्ही भाग एकमेकांत खर्ची पडतात. प्रमाण चुकलं की एक उरतो, आणि तो उरलेलाच त्रासदायक असतो. जास्त हार्डनर (घट्ट करणारी दुसरी नळी) घातला की लवकर सुकेल, हा समज मी अजूनही ऐकतो. पॉलिएस्टर रेझिनमध्ये ते काही अंशी चालतं, इपॉक्सीत अजिबात नाही; हार्डनरमधलं जादा अमाइन तसंच आत राहतं. कच्च्या इपॉक्सीची कातडीला अॅलर्जी होते आणि एकदा झाली की आयुष्यभर राहते, म्हणून ती सूचना. हातमोजे घालाच. ‘पाच मिनिटांचं’ म्हणजे पाच मिनिटांत धरणारं; पूर्ण मुरायला कित्येकांना आठवडा लागतो. त्यातही पाच मिनिटवाली मंदगती इपॉक्सीपेक्षा पाण्याला आणि उष्णतेला कच्ची असतात. खोलीच्या तापमानाला मुरणारं साधं इपॉक्सी ५०-६० अंशांच्या आसपास मऊ व्हायला लागतं. म्हणजे फळीला चालेल, उकळत्या भांड्यातल्या डावाला नाही.

जाता जाता: खाण्याच्या दृष्टीने सगळ्यात निरुपद्रवी डिंक म्हणजे सरस. जनावरांच्या कातडी-हाडांचा, म्हणजे मूळचा जिलेटिनच. आणि तोच गरम पाण्यात विरघळतो. दुधातल्या केसिनचा डिंक त्यापेक्षा ओलीला बरा, पण त्यावर बुरशी येते. दुसऱ्या महायुद्धातलं मॉस्किटो हे लाकडी विमान आधी केसिनने चिकटवत. दमट, उष्ण प्रदेशात ते टिकेना म्हणून युरिया-फॉर्मल्डिहाइडवर गेले. स्वयंपाकघरात हे युरियावालं आणि जांभळट-काळी रेघ सोडणारं रिसॉर्सिनॉल, दोन्ही नकोत. पाण्याला पक्के असूनही त्यातल्या फॉर्मल्डिहाइड या विषारी रसायनामुळे मी ते घरात आणत नाही.

उद्योगी

एवढं सविस्तर! धन्यवाद.

दुकानात जे मिळालं त्यावर डी ३ आहे, तेच घेऊन आलो. दांडा तिरका मोडलाय, चिरफाळी निघाल्यासारखा. दांड्याच्या जाडीच्या सात-आठ पट लांब असेल तो तिरका भाग. वाडगा मात्र तेल पिऊन काळा झालेला आहे, तडा वरून बोटभर खाली आलाय. त्यात सुपरग्लू सोडला तर?

आणि बीच-साग आलटूनपालटून लावू का? रंग छान दिसतील.

रंधावाली

दिसतील छान. सागाची कड चिकटवण्याआधी ऍसिटोनच्या बोळ्याने पुसा आणि उडून गेलं की लगेच डिंक लावा. सागात स्वतःचं तेल असतं, ते पृष्ठभागावर येतं आणि डिंकाला लाकडापर्यंत पोचू देत नाही. बीचला हे करायची गरज नाही. दुसरं, बीच ओलीने सागाच्या जवळजवळ दुप्पट हलतो. तुमच्या पट्ट्या कड-कड लावलेल्या असतील, रेषे एका दिशेने असतील, तर सांधे तुटणार नाहीत. फक्त बीचची जाडी सागापेक्षा जास्त फुगेल आणि बोट फिरवलंत की प्रत्येक सांध्यावर बारीक पायरी हाताला लागेल. चालतं. पण चौकटी-चौकटीची, रेषे उभे ठेवून केलेली फळी करणार असाल तर हे दोन लाकूड एकत्र नकोत. तिथे प्रत्येक तुकडा चारही बाजूंनी शेजाऱ्याने जखडलेला असतो.

डावाचं नशीब चांगलं आहे. तिरका मोड म्हणजे रेष्यांच्या बाजूने मोठा पृष्ठभाग. नाव बांधणारे लोक फळ्या लांबवताना मुद्दाम असाच एकास आठचा तिरका काप घेतात. मोडलेले दोन्ही भाग पॉलिश पेपरने घासू नका, जसेच्या तसे एकमेकांत बसतात तीच त्यांची ताकद. कोरडे होऊ द्या, डिंक दोन्हीकडे चोपडा, जुळवा, आणि रबराच्या पट्टीने घट्ट गुंडाळा. सायकलच्या जुन्या ट्यूबची कातरलेली पट्टी त्याला फार छान. मधे मेणकागद घाला, नाहीतर पट्टीच चिकटून बसेल. मात्र बीकर म्हणाले ते पांढऱ्या डिंकालाही लागू आहे: हा डिंक गरम झाला की मऊ पडतो. डाव वाढायला वापरा, उकळत्या भांड्यात ठेवून देऊ नका. आणि मोड आडवा असता तर मी फेकून नवा घ्या म्हटलं असतं. खुंटी घालून वगैरे टिकतो थोडा, पण ढवळताना नेमका तुटायचा.

वाडग्याबद्दल माझं मत कुणाला आवडत नाही. तेल प्यायलेल्या तड्यात पाण्याचा कुठलाही डिंक धरणार नाही. पातळ सुपरग्लू तड्यात आपोआप ओढला जातो, तडा पुढे जाणं थांबतंही, पण तो ठिसूळ असतो आणि गरम ओलीत हळूहळू सुटतो. म्हणून तड्याच्या टोकापर्यंत पोचेल एवढा सोडा, पूर्ण सुकला की आतून-बाहेरून घासून सपाट करा, आणि इथून पुढे त्यात कोरड्या वस्तू ठेवा. पातळ, गरम काही नको. आतून डिंक फासून ‘पॅक’ करायचा विचार असेल तर बीकरचं १७५.३०० पुन्हा वाचा.

सुतारपक्षी

मान्य. आमच्याकडे फळी ओल्या फडक्यानेच पुसतात, बुडवत कुणी नाही. पण मग असं बघा, बुडवायची नसेल तर साधा पांढरा डिंकही चालतोच की! तुमचा टाइप १ आणि डी ४ हे सगळं बेशिस्त घरासाठी.

रंधावाली

अगदी. आणि मी विकते ती फळी कुठल्या घरात जाणार ते मला माहीत नसतं. स्वतःच्या घरची असेल तर तुमचं खरं. फक्त एक लक्षात असू द्या, पांढऱ्या डिंकाचा सांधा एकदा सुटला की त्यावर पुन्हा तोच डिंक लावून बसत नाही. जुन्या सुकलेल्या पापुद्र्याला नवा डिंक धरत नाही. रंध्याने किंवा करवतीने तो अख्खा काढून कोरं लाकूड उघडं करावं लागतं, म्हणजे प्रत्येक दुरुस्तीला फळी थोडी अरुंद. सुरुवातीलाच पाण्याचा डिंक वापरण्याने ते वाचतं. डिशवॉशरचं तर विचारूच नका. तिथे डिंक टिकला तरी लाकूड वाकतं.

उद्योगी

शेवटचं. क्लॅम्प आवळल्यावर बाहेर येणारा डिंक ओल्या फडक्याने लगेच पुसू का?

रंधावाली

नको. पुसलात की पातळ झालेला डिंक आजूबाजूच्या रेष्यांत शिरतो, नंतर तिथे तेल मुरत नाही आणि डाग दिसतात. अर्धा-पाऊण तास थांबा, मणी रबरासारखे झाले की पटाशी आडवी धरून सोलून काढा, अख्खी दोरी निघते. सांध्याच्या पूर्ण लांबीवर असे बारीक मणी आले असतील तर डिंक बरोबर पडलाय. एखाद्या ठिकाणी काहीच आलं नसेल तर ते ठिकाण खूण करून ठेवा आणि क्लॅम्प काढल्यावर उजेडासमोर धरून बघा. आरपार दिसलं तर तेवढा सांधा करवतीने उघडून पुन्हा करा, तेल लावायच्या आधी.